एकशे सत्त्याण्णव मिलिग्रॅम

उल्हासनं मिंगेलच्या हातून पाठवलेल्या पिशवीत
सार्डिनचे दोन डबे, आईला लोकरी मोजे
(मडगावात!)
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या शेंगा.
चिंचेच्या थोरल्या बहिणी म्हणाव्यात,
पण चपट्या, चामड्यासारख्या,
हलवल्या की आत खुळखुळणाऱ्या.
चिठ्ठीत: ‘अल्फारोबा. इथं बांधाबांधावर झाडं.
बाबांच्या साखरेला चांगली म्हणतात.’

बाबांनी एक मोडून नाकाशी नेली.
‘शिळ्या चीजचा वास येतो गे,’ म्हणाले
आणि चावली.
मग दुसरीही, माझ्याकडे न बघता.

मी वेर्ण्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते;
पगार मिळतो तो पांढऱ्या गोळ्यांवर संशय घेण्याचा.
शनिवारी, साहेब नसताना, एक शेंग दळली,
उकळली, गाळली, यंत्रात सोडली.
पडद्यावर आधी नुसती रेघ, भरती-ओहोटीच्या मधल्या साळ नदीसारखी.
मग चौथ्या मिनिटाला एक सुळका: गॅलिक आम्ल.
त्याच्या मागं ठेंगण्या टेकड्या,
टॅनिनं, फ्लेव्होनॉइडं,
काहींची नावं मला येतात,
काहींची अजून कुणालाच नाहीत.
पिनिटॉल मात्र दिसलं नाही.
ज्याच्यासाठी हा खटाटोप,
जे म्हणे इन्सुलिनची नक्कल करतं,
ते या दिव्याला दिसतच नाही.
त्याला दुसरा डोळा लागतो
आणि तो सोमवारपर्यंत कुलपात होता.

‘काय निघालं?’
तंतू आहेत, म्हटलं, साखर सावकाश रक्तात सोडतात.
कोलेस्टेरॉलही थोडं उतरवत असतील.
कॅफिन नाही, झोप उडणार नाही.
आणि जवळपास निम्मी शेंग
नुसती साखर.
‘म्हणजे औषध की खाऊ?’
बाबा, शोधनिबंधात प्रत्येक वाक्य
‘असू शकते’वर संपतं.
‘असू शकते!
आमच्या धंद्यात या शब्दावर कुणी
नथीचा मोतीसुद्धा सोडत नाही.’

पण कॅरट हा शब्द ह्याच बियांवरून आला,
असं सांगितलं मात्र,
गुरुनाथ लोटलीकर, वय त्र्याहत्तर,
आधी गुंजांनी नि मग बटणांनी सोनं तोललेला माणूस,
चष्मा पुसत उठला.
काचपेटीतला काटा बाहेर आला.
एकशे सत्त्याण्णव मिलिग्रॅम. दोनशे अकरा.
एकशे त्र्याऐंशी. दोनशे चार.
बावीस बिया, बावीस वजनं.
जुने लोक म्हणत, सगळ्या सारख्याच भरतात.
‘लबाड आहेत,’ बाबा खूश होऊन म्हणाले.
‘गुंजाही अशाच. आम्ही निवडून निवडून
सारख्या करायचो
आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, देवानंच केल्यात.’

रात्री कानशीचा आवाज.
बांगडीचा सांधा साफ करावा तशी
एकेका बीची पाठ ते घासत होते,
पाणी शिरेल एवढीच.
करवंटीत भिजवल्या, डब्यात पुरल्या.
सतरा दिवसांनी तीन उगवल्या.
एक गोगलगायीनं नेली, एक ओलीनं कुजली.
उरली तिला चार पानं,
कडक, चकचकीत, पॉलिश मारल्यासारखी.

हे कोरड्या डोंगरांचं झाड, मी म्हटलं,
आपल्या चिऱ्याच्या मातीत, पाच महिन्यांच्या ओलीत टिकायचं नाही.
टिकलं तर शेंगांना आठ-दहा वर्षं.
आणि नर निघालं, तर कधीच नाहीत.
‘मग हॉलमार्क तेव्हाच मारू,’ म्हणाले,
आणि डबा पागोळीखालून वळचणीला सरकवला.

आज उपाशीपोटी एकशे बासष्ट.
मागच्या महिन्यात एकशे एकाहत्तर होती.
नऊचा फरक शेंगेचा, गोळीचा, की पिंपळकट्ट्यापर्यंत
रोज चालण्याचा,
माझ्या कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही.
दारात पोदेराचा भोंपू वाजला.
‘अर्धीच पोळी,’ आईनं आतून बजावलं.
बाबा शहाण्या मुलासारखे उठले
आणि त्यांच्या खिशात
काहीतरी खुळखुळलं.